पट्ट्याची गोष्ट

नमस्कार मैत्रिणींनो. आणि रेडिओ चालू ठेवून दाढी करत असलेल्या भाऊ-काकांनो, तुम्हालाही नमस्कार. आजचं अर्धं बोलणं तुमच्यासाठीच आहे, आवाज कमी करू नका.

मला विषय दिलाय 'महिलांच्या सुरक्षेच्या आणि सक्षमीकरणाच्या शासकीय योजना'. एवढं लांबलचक नाव ऐकून कुणी स्टेशन बदलायच्या आत दोन नंबर सांगून टाकते. 112. एक, एक, दोन. आणि 181. एक, आठ, एक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, तिथेच वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. अंगावर कुणी धावून आलंय, दाराला लाथा बसतायत, तर 112. आत्ता या क्षणी जिवाला धोका नाही, पण विचारायचंय, कुठे जावं ते कळत नाही, तर 181. दोन्हींना पैसे पडत नाहीत. शेवटी पुन्हा सांगेन, तोवर पेन शोधा. चालणारं पेन सापडणं ही घरोघरी वेगळीच योजना असते, ते जाऊ द्या.

लाडकी बहीणचे महिन्याचे 1,500 रुपये तुम्हाला तोंडपाठ आहेत, ते मी सांगायला नको. 'लेक लाडकी' मात्र बऱ्याच घरांत माहीत नसते. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात 1 एप्रिल 2023 पासून पुढे जन्मलेल्या मुलीला जन्माला 5,000, पहिलीत गेली की 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की 75,000 असे टप्प्याटप्प्यानं मिळतात. अंगणवाडीताईंना विचारा, अर्ज त्याच भरून घेतात.

आता माझं एक खासगी मत, सरकारचं नव्हे. योजनांच्या नावातला हा 'लाड' मला खटकतो. लाड कुणाच्या तरी मर्जीवर असतात, मर्जी फिरली की संपले. दुसरं म्हणजे गुलाबी रंग. बाईसाठी काही काढलं की ते गुलाबी. रिक्षा गुलाबी, पथक गुलाबी, स्वच्छतागृहाची पाटीसुद्धा गुलाबी, आत नळाला पाणी नसलं तरी! रात्री साडेनऊला एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईला तिथला गेलेला बल्ब बदलून दिला तरी पुष्कळ होईल. असो.

मी सतरा वर्षं संरक्षण अधिकारी होते, मराठवाड्यातल्या एका तालुक्याला. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला 2005 मध्ये, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. त्या कायद्यानं हे पद आलं. संरक्षण अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे, वकील नव्हे. घरात त्रास होणाऱ्या बाईचं ऐकून घ्यायचं, ते नमुन्यात लिहायचं आणि मॅजिस्ट्रेटपर्यंत पोचवायचं, एवढं काम. एवढं म्हणजे किती, ते तुम्हाला मशीनवालीची गोष्ट ऐकून कळेल. तिचं नाव सांगणार नाही. ऑफिसात सगळे तिला मशीनवालीच म्हणायचे.

2023 चा उन्हाळा. बाजाराचा दिवस. मी नुकताच डबा उघडला होता, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी. चाळिशीची असेल. हातात कापडी पिशवी, पिशवीतून दोऱ्यांची रिळं डोकावतायत. दोरे-बटणं आणायला जाते असं घरी सांगून आली होती, आणि खोटं नको म्हणून आधी खरंच दोरे-बटणं घेऊन मग माझ्याकडे आली होती. मी बसवलं, पाणी दिलं, विचारलं, काय झालं?

म्हणाली, "मॅडम, मालक पट्टा काढतात."

आता सोळा वर्षं हेच ऐकत आलेल्या माणसाला काय वाटणार? मी डबा बंद केला, नमुना पुढे ओढला.

"किती वर्षं झाली?"

"चार."

"रोज?"

"रोज नाही. भांडण झालं की. कधी हप्त्यातून एकदा, कधी दोनदा."

"दारू पिऊन?"

"छ्या! सुपारीचं खांडसुद्धा खात नाहीत."

मी भराभर लिहितेय. शारीरिक छळ, चार वर्षं, पट्ट्यानं. विचारलं, "कुठे कुठे?"

"घरातच की. बाहेर कसं काढतील?"

"तसं नव्हे हो बाई. अंगावर कुठे? वळ आहेत का? दवाखान्याचा कागद आहे का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "वळ कसले मॅडम? मशीनचा पट्टा."

ज्यांच्याकडे पायमशीन आहे त्यांना सांगायला नको. खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या छोट्या चाकावर चामड्याचा पट्टा फिरतो, दोन टोकं तारेच्या पिनेनं जोडलेली. तो नसला तर पायडल कितीही मारा, सुई हलत नाही. तिचा नवरा भांडण झालं की पिन सोडवायचा, पट्ट्याची गुंडाळी करायचा, पँटच्या खिशात घालायचा आणि शेतावर निघून जायचा. बस्स. आवाज नाही, आरडाओरडा नाही. शेजारणीला पत्ता नाही.

मी म्हटलं, "अहो, शंभराच्या आत मिळतो, दुसरा घ्यायचा." तर म्हणाली, घेतला होता. तोही नेला. तिसरा पिठाच्या डब्यात लपवला, तर सासूनं काढून दिला. ऐन लग्नसराईत बावीस ब्लाऊज पडून राहिले, गिऱ्हाईक तुटलं. आणि मशीन घेतलेलं बचत गटाच्या कर्जातून. 8,000 रुपये. पट्टा असो नसो, हप्ता थांबत नाही. दर महिन्याच्या बैठकीत सगळ्या बायकांसमोर खाली मान घालून 'या महिन्यात नाही जमलं' म्हणायचं. सांगताना तिचे डोळे भरले ते तिथे, नवऱ्याचं सांगताना नव्हे.

तिनं आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. दोन्हीकडे हसले. मारत नाही, पीत नाही, घराबाहेर काढत नाही, मग तक्रार कसली? देवमाणूस आहे म्हणाले.

मी लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला. आता हे नीट ऐका. या कायद्यात छळ चार प्रकारचा आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक. पुन्हा सांगते, आर्थिक. त्या नमुन्यात आर्थिकच्या रकान्यात घरखर्चाला पैसे न देण्यापासून ते तुमच्या कामधंद्यात अडथळा आणण्यापर्यंत सगळं छापलेलं आहे. वळ लागत नाही. पट्टा काढून घेणं पुरतं.

तिची अट एकच होती. "मला सोडचिठ्ठी नको. त्यांना आत टाकू नका. घर मी सोडणार नाही. पट्टा फक्त जागेवर पाहिजे." बहुतेक बायका याच भीतीनं येत नाहीत. तक्रार केली की संसार मोडला, नवरा तुरुंगात, आपण माहेरच्या दारात. मालिकांमध्ये तसंच दाखवतात ना, काळा कोट घातलेली वकीलबाई आणि मागे ढोल. या कायद्यात सुरुवात तुरुंगापासून होत नाही. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि आदेश मागायचा: हे करू नकोस, हे परत दे, खर्चाला एवढे दे, तिला घराबाहेर काढू नकोस. घर तुमच्या नावावर नसलं तरी राहायचा हक्क आहे. आदेश मोडला, मग मात्र गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकील विधी सेवा प्राधिकरणानं दिला, फुकट. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हेही लिहून घ्या. मशीन तिचंच याला पुरावा काय? गटाची कर्जाची वही. अध्यक्षबाई स्वतः ती वही घेऊन कोर्टात आल्या, पावसाळा लागला होता म्हणून खताच्या पिशवीत गुंडाळून.

आणि यायची कशी? 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालंय. नोटीस निघाल्यावर तारखेला नवरा-बायको एकाच गावाहून, एकाच गाडीनं यायचे. गाडीच एक होती! तो पुढे बसायचा, ही मागे. त्याला पूर्ण तिकीट, हिला हाफ. हे तिनं मला तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी जणू नवीनच.

चार महिने लागले. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलंय. 'प्रयत्न' हा सरकारी मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. पण आदेश झाला. अर्जदाराच्या शिलाईकामात अडथळा आणू नये, मशीनच्या कुठल्याही भागाला हात लावू नये. बाहेर व्हरांड्यात आलो. नवरा थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यानं पँटच्या खिशात हात घातला आणि पट्टा काढून तिच्या हातात दिला. त्या दिवशीही तो खिशातच होता.

काचेपलीकडून मला बोटं दाखवतायत. चार मिनिटं म्हणे. अजून सखी केंद्र राहिलंय.

तर भराभर. सखी, म्हणजे वन स्टॉप सेंटर, 2015 पासून आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. रात्री-अपरात्री घराबाहेर पडायची वेळ आली तर तिथे जा. उपचार, पोलिसांची मदत, वकील, समुपदेशन एकाच ठिकाणी, आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा जाऊबाई, सगळ्या येतात. मुलाकडून त्रास होणाऱ्या आईलाही हाच दरवाजा. आणि भाऊ-काकांनो, तुमच्यासाठी: शेजारी कळवू शकतो. तुम्ही संरक्षण अधिकाऱ्याला खऱ्या मनानं माहिती दिलीत तर तुमच्यावर काही येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. 'त्यांचं घरगुती आहे' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवू नका.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर 2013 चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून कमी असतील, किंवा तुम्ही घरकाम करत असाल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत. तीन महिने, विसरू नका.

आणि नंबर. पेन सापडलं? 112, जिवावर बेतलं तर. 181, विचारायचं असलं तर. एक, एक, दोन. एक, आठ, एक.

मशीनवालीचं थोडं राहिलं. आदेशानंतर महिन्याभरानं ती पुन्हा आली. मला वाटलं, मोडला वाटतं आदेश. तर पिशवीतून कोरा करकरीत पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. "एक तुमच्याकडं असू द्या मॅडम." मी खणात टाकला. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले, तेव्हा चार्ज देताना लिपिक एकेक वस्तू वाचत होता. टेबल एक, खुर्च्या तीन, लोखंडी कपाट एक. खण उघडला आणि थांबला. "मॅडम, हा पट्टा कुठल्या रजिस्टरला घेऊ?" मी त्याच्या हातातून यादी घेतली आणि खाली स्वतः लिहिलं: मशीनचा पट्टा, चामडी, नग एक. मालकीण येऊन नेईल.

नमस्कार.