रिकाम्या पुंगळीचं काम

(अंधारं गॅरेज. गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत.)

पोलिसांच्या पंचनाम्यात जिला 'रिकामी पुंगळी' म्हणतात, तीच ही, झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच. इथे, लांब पल्ल्याच्या नेमबाजाकडे, ती रिकामी झाली की खरं काम सुरू होतं: ती पुन्हा भरायचं. दिवे मुद्दाम घालवलेत. मानेवर, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडावर, पुसट लाली दिसली की बस्स, पुंगळी ज्योतीसमोरून बाजूला. बुडाला मात्र आच लागता कामा नये, बार उडतानाचा दाब तेच पेलतं.

70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त, असं हे पितळ. बार उडाला की फुगतं, साच्यात दाबलं की आवळतं आणि दर खेपेला थोडं कडक होतं. कडक झालेली मान प्रत्येक गोळीला सारखी धरत नाही. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ताठरलेलं भांडं भट्टीत तापवून नरम करतात, तोच हा न्याय.

(डोंगर. लांबवर पांढरं लक्ष्य.)

पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्सपोर्ट. हजार यार्डांवरच्या बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून करायच्या, नेमबाजीचा क्लब इथे 1967 साली निघाला. हजार यार्ड म्हणजे 914 मीटर.

(हात, जवळून.)

प्रेसचा दांडा खाली येतो. बार पेटवणारी जुनी टोपी टपकन डब्यात पडते, पुंगळीचा मानेखालचा उतरता खांदा 2 हजारांश इंच मागे सरकतो. भोसरीतला फिटर म्हणेल, दोन थाऊ. केसाच्या जाडीहूनही कमी.

आता दारू. करड्या, बारीक चुरलेल्या शेवयांसारखी. माप ग्रेनचं, सराफाच्या एका गुंजेत जवळपास 2 ग्रेन बसतात. हा काटा ग्रेनचा पन्नासावा हिस्सा दाखवतो, म्हणजे साधारण एक दाणा. तो बघा, चिमट्याने उचलला. गोळीचा वेग सेकंदाला 10 फुटांनी चुकला, तर हजार यार्डांवर दोन-तीन इंच वरखाली होतं. एका दाण्याने इतकं बिघडत नाही, वाऱ्याची झुळूक त्याहून जास्त बिघडवते. तरी चिमटा काही कोणी खाली ठेवत नाही.

चुकून भलत्याच जातीची दारू पडली तर रायफल फुटू शकते, माणूस जायबंदी होऊ शकतो. म्हणून टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा.

(गोळी बसवताना.)

लांबी टोकापासून मोजत नाहीत, टोकं कारखान्यातूनच कमीजास्त येतात. गोळीचा फुगवटा नळीतल्या आट्यांना जिथे भिडणार, तिथून माप. पुन्हा मोजलं. पुन्हा एकदा.

(रेंज. सकाळ. वाऱ्याच्या झेंड्या.)

बार.

पुढचा दीडेक सेकंद नुसती वाट बघायची.

पुंगळी नेमबाज जमिनीवर पडू देत नाहीत. गरम आहे, तरी बोटांनीच काढतात आणि डब्यात तिच्या खणात ठेवतात. झाकणावर पेन्सिलीच्या दहा रेघा. ही अकरावी.