लग्नमंडपातून इमारतींकडे
(ठाण्यातील व्यावसायिक छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्या बहुतेकांचं घर लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं. माझंही बरीच वर्षं त्यावरच चाललं. आता मी मुख्यतः इमारती आणि इंटिरियरचं काम करतो. तरुण मुलं भेटली की आधी विचारतात, ‘सर, लेन्स कुठली घेऊ?’ लेन्सचं नंतर बघू. नव्या कामात तुमचा फोटो कोण वापरणार आणि कशासाठी, हे आधी शोधा. खरा बदल तिथे होतो.

लग्नाचा फोटो घरची माणसं बघतात. अंतरपाट दूर होतानाचा चेहरा जरासा हलला असला तरी तो अल्बममध्ये जातो, आणि जायलाच हवा. इमारतीचा फोटो बघणारा परका असतो. आर्किटेक्टला दाखवायचं असतं की जिन्यात वरून उजेड कसा उतरतो. बिल्डरला हवी असते लॉबी आणि समोरची मोकळी जागा. खिडक्या बसवणाऱ्याला हवी फक्त त्याची चौकट. इमारत एकच, पण फोटो तीन तऱ्हेचे. निघण्याआधी हे विचारून घेतलं नाही, तर चांगला फोटोसुद्धा कुणाच्या कामाचा राहत नाही.

मग सवयी मोडाव्या लागतात. ८५ मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागचं सगळं धूसर करायचं, हा आपला हात बसलेला असतो. इथे छिद्र बारीक, म्हणजे एफ ८, एफ ११, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं; प्रकाशाची संवेदनशीलता कमी, म्हणजे आयएसओ १००; आणि ट्रायपॉड. उभ्या रेषा उभ्याच दिसल्या पाहिजेत. कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की टॉवर मागे कलल्यासारखा दिसतो, म्हणून कॅमेरा पाणसळीत ठेवायचा आणि शिफ्ट लेन्सने, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणाऱ्या लेन्सने, चौकट वर सरकवायची. ती लेन्स महाग आहे, सुरुवातीला भाड्याने आणा. किंवा समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर जा, तिथून कॅमेरा सरळ ठेवूनही काम होतं.

हे ‘समोरच्या इमारतीत जा’ म्हणणं सोपं आहे. घोडबंदर रोडला खाली उभं राहिलात तर चौकटीत मेट्रोचे खांब येतात, आणि वर जायचं तर सोसायटीच्या सेक्रेटरींना पटवावं लागतं. इथे लग्नाचा फोटोग्राफर सरस ठरतो, असं मी ठामपणे सांगतो. रुसलेल्या आत्याबाईंना ग्रुप फोटोत आणून उभं करणाऱ्या माणसाला गच्चीची किल्ली मिळवणं जड जात नाही. ही तुमची कमाई आहे. ती तुमच्याबरोबर येते.

उन्हाचा अभ्यास मात्र नव्याने करावा लागतो, आणि माझा जीव त्यातच जास्त रमतो. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या इमारतीच्या दर्शनी भागावर सरळ ऊन पडतच नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेकडून जातो, पण तेव्हा एकतर आभाळ भुरकट असतं किंवा पाऊस. मग अशा इमारतीचं करायचं काय? संध्याकाळी जायचं. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश अजून निळं असतं आणि आतले दिवे त्याच्या तोडीला येतात. तेवढ्या वेळासाठी सगळे दिवे लावून, पडदे सारून, लॉबीतल्या चपला उचलून दुपारपासून तयार राहायचं. गुरुजी ‘सावधान’ म्हणतात त्या क्षणासाठी आपण जसे जागा धरून उभे असतो, तस्संच.

पंचांगही तुमच्या बाजूने आहे. चातुर्मासात लग्नाच्या मोठ्या तारखा जवळजवळ थांबतात, त्या तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. पावसाने धुतलेली हवा नेमकी ऑक्टोबरमध्ये मिळते. डिसेंबर-जानेवारीत खाडीच्या बाजूला धुरकं असतं, पण तेव्हा तुम्ही तसेही मंडपात असता. म्हणून लग्नं एकदम सोडू नका, असं मी आग्रहाने सांगतो. सिझनच्या पैशावर रिकाम्या महिन्यांत नवं काम शिका.

सरावाला कुठे जायचं? नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात वसवलेलं आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आहे. छोट्या सामाईक अंगणाभोवती घरं, आणि कुटुंब वाढेल तसं प्रत्येकाने आपलं घर वाढवावं ही मूळ कल्पना. आज तिथे जुनं उतरतं छप्पर आणि शेजारी चढवलेला मजला एकत्र दिसतात. फक्त मूळ घरं शोधत फिरू नका. अंगणात वाळत घातलेले कपडे आणि मधली मोकळी जागा एका चौकटीत बसवून बघा. लोक राहतात तिथे, विचारून आत जा.

आता पैशांचं. लग्नात ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय आपण तारीख धरत नाही. कंपनीच्या कामात बिल दिल्यावर वाट बघावी लागते. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या. २००६च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार लहान उद्योजकाचे पैसे देण्यासाठी लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही, आणि करार नसेल तर ती १५ दिवसांचीच.

आणि हक्क. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ नीट वाचा. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. लग्नात यावरून सहसा अडत नाही. इथे बिल्डरने पैसे दिले की महिन्याभरात आर्किटेक्ट तोच फोटो मागतो, मग टाइल्सवाला. म्हणून हक्क तुमच्याकडे राहील, आणि कोण, कुठे, किती काळ फोटो वापरणार, हे कोटेशनमध्येच लिहा आणि कामाआधी सही घ्या. आर्किटेक्ट आणि बिल्डर दोघांनाही फोटो हवे असतील, तर खर्च वाटून घ्यायला आधीच सुचवा. दोघांनाही खर्च कमी येतो, आणि एकाच शूटचे दोन परवाने देऊन तुम्हाला एरवीपेक्षा जास्त मिळतं. आता प्रश्न विचारा, दरांबद्दलही मोकळेपणाने विचारा.