हळदीचा भाव कुठं लिहिला हाये?

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटरचं लहानसं दुकान आहे. सातबारा काढून द्यायचा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरायचे, लग्नसराईत पत्रिका टाइप करायच्या, असा रोजचा धंदा. एक दिवस माझ्या चुलतवहिनी दुकानात आल्या. त्यांचं शेत वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, वायगाव हळद्या गावाच्या बाजूला. गावाच्या नावातच हळद आहे बघा. त्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ही याच भागाची खास हळद अशी सरकारी नोंद मिळाली, तेव्हापासून बाहेरगावचे लोकही तिचं नाव घेऊन विचारू लागले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आपल्या हळदीची वेबसाइट करून द्या न. व्यापाऱ्याले किती दिवस देत राहू?”

मी करून दिली, आणि ती चांगलीच फसली. कशी फसली तेच आज सांगतो.

वेबसाइट उघडली की सनईचे सूर. मग सरकत येणारं सुस्वागतम. मग हळदीच्या वावराचे एकामागून एक आठ फोटो. त्याखाली आमची परंपरा, आमची निष्ठा, आमचं ध्येय. दुकानात बसून पाहताना मला मोठा अभिमान वाटला. आठवड्याभरात वहिनींना मुंबईहून फोन आला. “ताई, वेबसाइट पाहिली, छान आहे. हळद काय भाव?” वहिनींनी भाव सांगितला, फोन ठेवला आणि मला लावला. “काऊन जी भाऊजी, सनई वाजवली, पण हळदीचा भाव कुठं लिहिला हाये?”

भाव कुठंच नव्हता.

मग आम्ही एक शंभर पानी वही आणली आणि फोनजवळ ठेवली. पंधरा दिवस जो कोणी फोन करेल, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा. वहिनींची सातवीतली मुलगी लिहायला बसली. हळकुंड आहे की पूड? अर्धा किलो देता का? पोस्टानं पाठवता का, खर्च कोणाचा? पैसे आधी द्यायचे का? यंदाची आहे की मागची? एका बाईनं तर विचारलं, “दळताना गिरणीत आधी मिरची तर दळली नव्हती ना?” आता हा प्रश्न मला कॉम्प्युटरपुढं बसून जन्मात सुचला नसता. पण पूड विकत घेणाऱ्याला तोच पडतो.

पंधरा दिवसांनी वही पाहिली तर फिरून फिरून तेच दहा-बारा प्रश्न. त्यांची उत्तरं म्हणजेच आमची दुसरी वेबसाइट. वर मालाचं नाव आणि भाव. त्याखाली अर्ध्या, एक आणि पाच किलोचं पाकीट. मग पाठवण्याचा खर्च, पाकिटावर असतो तो अन्नसुरक्षेचा 14 आकडी क्रमांक, आणि बोट ठेवलं की थेट व्हॉट्सअॅप उघडेल असं बटण. हळद जूनमध्ये लावतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये खणतात, मग उकडायची, वाळवायची, घोळायची. म्हणून नवा माल कधी येतो तेही एका ओळीत लिहिलं. परंपरा आणि निष्ठा काढून टाकली. तिची चौकशी एकाही माणसानं केली नाही.

आता फोटोंचं ऐका. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज 4 एमबीचा असतो. आठ फोटो झाले 32. शहरात ते चुटकीसरशी उघडतात. पण वावराच्या धुऱ्यावर, जिथं नेट सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एका एमबीचा जेमतेम आठवा भाग, अशा वेगानं रांगतं, तिथं तेवढ्याला चार मिनिटांच्या वर लागतात. एवढा वेळ लग्नाच्या पंगतीतही कोणी भाजीची वाट पाहत नाही. तेच फोटो लहान करून दीडशे केबीचे केले की आठही मिळून दहा सेकंदांत येतात. फोटो लहान करणारी फुकट ॲप आहेत. मी आता कोणतीही वेबसाइट झाली की दुकानात तपासत नाही. सायंकाळी एसटी स्टँडवर जातो आणि स्वस्तातल्या मोबाइलवर उघडून पाहतो. तिथं उघडली तर कुठंही उघडते.

पुढची चूक आमच्या टायपिंगवाल्यांची, म्हणजे माझीच. मी मजकूर कृतिदेवमध्ये, म्हणजे पत्रिकांसाठी वापरतो त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केला, पत्रिकेसारखा सजवला आणि त्याचा फोटो करून वेबसाइटवर लावला. माणसाला वाचता येतो, पण गूगलला शोधताना त्याचा काही भरवसा नाही. बरं, तोच मजकूर फोटो न करता जसाच्या तसा चिकटवला असता तरी उपयोग नव्हता. कृतिदेवमध्ये हळद हा शब्द कॉम्प्युटरच्या पोटात जी, जी, एन अशा इंग्रजी अक्षरांनीच साठवलेला असतो. कोणी हळद म्हणून शोधलं तर तो सापडणार कसा? म्हणून मराठी लिहायचं ते युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत. तुमच्या मोबाइलचा मराठी कीबोर्ड तेच लिहितो, वेगळं काही शिकावं लागत नाही. आणि कितीतरी लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून शोधतात, म्हणून एका ओळीत ते स्पेलिंगही असू द्या.

वेबसाइटच्या नावाचंही तसंच, म्हणजे तिचा जो पत्ता टाइप करतात त्याचं. गाव हा शब्द इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात, त्यात जी-ए-ओ-एन की जी-ए-व्ही? फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बिनचूक लिहिता आलं पाहिजे, असंच नाव घ्या. 2014 पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. मला ते आवडतं, पण ग्राहक इंग्रजी कीबोर्डवर टाइप करतो, म्हणून मी साधं डॉट इन घ्यायला सांगतो.

आणि हे नाव विकत मिळत नाही बरं का, भाड्यानं मिळतं. दरवर्षी पैसे भरायचे. याचा फटका माझ्या ओळखीच्या एका मसालेवाल्याला बसला. ज्या पोरानं वेबसाइट केली त्यानं नाव स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पोरगा पुण्याला गेला, मोबाइल नंबर बदलला, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर येत राहिल्या. नाव सुटलं. पाकिटांवर वेबसाइटचा पत्ता छापलेला, दोन हजार पाकिटं घरात पडलेली. पोरगा लबाड नव्हता, विसरला. म्हणून पैसे कोणीही भरो, नावनोंदणी तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, आणि पासवर्ड घरच्या वहीत.

हेही सांगतो, सगळ्यांना वेबसाइट लागत नाही. पंक्चर काढणारा, पिठाची गिरणी, सलून, यांचं गिऱ्हाईक पायी येतं. त्यांनी गूगलच्या नकाशावर दुकानाची जागा, वेळ आणि फोन नंबर टाकावा, तो फुकट आहे. ज्याला आपला माल गावाबाहेर पाठवायचा आहे, त्यानंच खर्चात पडावं. मानांकनाचं नाव वापरायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. मी वहिनींना पहिली नोंदच ती करायला लावली.

आता भाव बदलला की वहिनी स्वतः मोबाइलवरून बदलतात. पहिल्यांदा शून्य कमी पडलं, आणि 250 ची हळद 25 रुपये किलो झाली. तासाभरात चार जणांनी ऑर्डर टाकल्या. “बाप्पा, इतक्या स्वस्तात तर मीच घेईन,” वहिनी म्हणाल्या, आणि चौघांनाही फोन करून माफी मागितली. त्यातल्या दोघांनी खऱ्या भावानं हळद घेतली.

त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेला गोल आहे. तिथं लिहिलंय: नावाचे पैसे भरायचे. गोल पेनानं नाही केला, हळदीच्या बोटानं केलाय.

नमस्कार.