'दररोज' हा शब्द फक्त लूक लिहितो

जय ख्रिस्त मंडळी!

पवित्र शास्त्र जवळ असेल तर लूक ९:२३ काढा. प्रभू म्हणतो, माझ्यामागे यायचं असेल तर आत्मत्याग करा, दररोज स्वतःचा वधस्तंभ उचला आणि मला अनुसरा. हेच वचन मत्तय १६ मध्ये आहे, मार्क ८ मध्येही आहे. पण तिथे 'दररोज' नाही. तो शब्द लूकनेच नोंदवलाय.

बरीच वर्षं माझं त्याकडे लक्षच गेलं नव्हतं. त्याग म्हटलं की मला रक्तसाक्षी आठवायचे. फादर मॅक्सिमिलियन कोल्बे आठवायचे. १९४१ साली ऑशविट्झच्या छळछावणीत ते बायकामुलं असलेल्या एका कैद्याच्या जागी मरायला पुढे झाले. थोर माणूस. पण तशी वेळ माझ्यावर कशाला येतेय, असं मनात यायचं, आणि मग त्यागाचा विषय उपासनेपुरताच उरायचा.

आपल्या मातीतलं एक नाव घेतो. पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य भारतात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. ३०० च्या आसपास मुली आणि विधवांना घेऊन आल्या, आणि दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं.

ही गोष्ट आपण मंडळीत खूपदा ऐकतो, आणि बहुतेक वेळा ती इथेच थांबते. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. आणणं हे एका प्रवासाचं काम होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांना जेवायला लागणार होतं. तिसऱ्या दिवशीही. त्यात आजारी मुली होत्या, अक्षरओळख नसलेल्या बायका होत्या. त्यांना बरं करायचं, शिकवायचं, हाताला काम द्यायचं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या, तोवर २५ वर्षं हे चाललं.

आणखी एक. कलकत्त्यात ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, त्या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसल्या. तेही खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. सगळी संस्कृत विद्या गाठीशी असताना ती बाजूला ठेवून साधं लिहायचं! मला तर त्यांचा हा त्याग दुष्काळातल्या कामाइतकाच मोठा वाटतो.

आता आपल्या घरात येऊ. माझ्या आईला विसरायला होतं. "आज कुठला वार?" हे ती तासाभरात दहा वेळा विचारते. मी उत्तर द्यायचो, पण फोनवरून नजर न काढता. एकदा ती म्हणाली, "तू रागावलायस का रे?" मी रागावलो नव्हतो. पण ते उत्तर देताना माझं काही खर्चही होत नव्हतं. त्या रात्री मला दावीद राजा आठवला. २ शमुवेल २४. दावीदाला होमबली अर्पण करायचा होता, आणि खळ्याचा मालक अरवना त्याला खळं, बैल, लाकडं, सगळं फुकट द्यायला तयार होता. दावीद म्हणाला, नाही, मी किंमत मोजूनच घेणार. जे मला फुकट मिळालं, त्याचा होमबली मी परमेश्वराला देणार नाही. आणि त्याने ५० शेकेल चांदी मोजली.

आता आईने विचारलं की मी फोन पालथा ठेवतो, तिच्याकडे बघतो आणि वार सांगतो. दहाव्या वेळी अजूनही जड जातं. तेव्हा मनातल्या मनात प्रार्थना करतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायची आहे, कारण या शिकवणीचा आपल्याकडे फार गैरवापर होतो. नवरा मारतोय आणि बाईला सांगितलं जातं, "सोस, हा तुझा वधस्तंभ आहे." नाही! योहान १०:१८ वाचा. प्रभू म्हणतो, माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. आपण होऊन! दुसऱ्याने मारून, धमकावून घेतलं त्याला प्रीती म्हणत नाहीत. अशा घरात असाल तर बाहेर पडा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांची मदत घ्या. त्यात विश्वास कुठेही कमी पडत नाही.

आणि पुरुषांनो, हे मी आपल्यालाच म्हणतोय. आपल्या घरांत त्याग बहुधा एकाच माणसाच्या वाट्याला येतो. सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं? रात्री बाळ रडलं की कोण उठतं? सासऱ्यांचं पथ्यपाणी कोण बघतं? इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात स्वतःला अर्पण करायला पौल कोणाला सांगतो? पतींना. ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली तशी. या आठवड्यात यातलं एक काम, कोणी न सांगता, रोज तुम्ही करा. एखाद्या दिवशी हौसेने नाही, सातही दिवस. कसं गेलं ते मला खाली लिहा, मी सगळं वाचतो.

पुढच्या भागात योहान १३ घेऊ, प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग. तोवर एकदा वाचून ठेवा, आणि वाचताना बघा, प्रभूला धरून देणारा यहूदा उठून बाहेर कधी जातो. ३० व्या वचनात. पाय धुऊन झाल्यावर.