स्पीकरला थेट जोडलेला व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह (निर्वात नळीच्या) अँप्लिफायरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्होल्ट उतरवून करंट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर, का लागतो, इथूनच सुरुवात करू. व्हॉल्व्हकडे व्होल्ट भरपूर आणि करंट थोडा. स्पीकरची भूक नेमकी उलटी. ८ ओहमच्या स्पीकरला २५ वॅट द्यायचे, तर शिखराला २० व्होल्ट पुरतात, पण करंट अडीच अँपिअर लागतो. ट्रान्सफॉर्मर काढला की तो सगळा करंट व्हॉल्व्हच्या कॅथोडमधूनच (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापत्या भागातूनच) काढावा लागतो.

१९५०च्या दशकात फिलिप्सने यावर स्पीकरच बदलला. ८०० ओहमची व्हॉइस कॉइल (स्पीकर हलवणारं तारेचं वेटोळं) आणि ईएल८६ व्हॉल्व्हची जोडी. तिथे १० वॅटला शिखराचा करंट १६० मिलिअँपिअरच्या आत राहतो. २० हर्ट्झपर्यंत उतरायला कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणारा) १० मायक्रोफॅरडचा चालतो. ८ ओहमला तोच १००० मायक्रोफॅरडचा लागतो. फार देखणी युक्ती, पण स्पीकर जळला की तसाच दुसरा शोधत बसायचं.

साध्या स्पीकरसाठी पुरवठ्याच्या दोन टोकांमध्ये एकावर एक जोडलेले व्हॉल्व्ह घ्यावे लागतात; आउटपुट त्यांच्या मधल्या जोडावरून निघतो. यातली खरी अडचण ड्राइव्हची, म्हणजे ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) सिग्नल देण्याची आहे. खालच्या व्हॉल्व्हचा कॅथोड स्थिर असतो, वरच्याचा आउटपुटबरोबर वरखाली होतो. दोघांच्या ग्रिडला जमिनीच्या (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या) संदर्भाने सारखाच सिग्नल दिला, तर वरच्याच्या वाट्याला आउटपुट वजा जाऊन उरेल तेवढंच येतं, आणि दोन अर्ध्या लहरी असमान होतात. ज्युलियस फटरमन यांच्या १९५६च्या अमेरिकी पेटंटमधलं उत्तर मला आजही सुंदर वाटतं: फेज स्प्लिटरचा (एका सिग्नलचे दोन उलटसुलट सिग्नल करणाऱ्या व्हॉल्व्हचा) कॅथोडकडचा रेझिस्टर जमिनीला न जोडता आउटपुटला जोडायचा. त्याच्या प्लेटच्या (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागाच्या) आणि कॅथोडच्या रेझिस्टरमधून करंट एकच वाहतो. त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हला ग्रिड ते कॅथोड सारखाच ड्राइव्ह मिळतो.

आता ६एएस७जी हा व्हॉल्व्ह घेऊ. एका बाटलीत दोन ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट एवढेच भाग असलेले व्हॉल्व्ह), प्रत्येकाचा प्लेट रोध २८० ओहम, प्रवर्धनांक अवघा २, प्लेटची उष्णता सोसायची मर्यादा १३ वॅट. चार बाटल्या, म्हणजे वर चार आणि खाली चार ट्रायोड; पुरवठा अधिक-उणे १५० व्होल्ट. एका बाजूचा रोध ७० ओहम होतो. ढोबळ हिशेबाने १६ ओहमच्या स्पीकरला शिखराला १.७४ अँपिअर, म्हणजे सुमारे २४ वॅट मिळतात. ८ ओहमला करंट जेमतेम १.९ अँपिअरवर जातो आणि वॅट १५वर घसरतात. म्हणून १६ ओहमचा स्पीकर असेल तर तोच जोडा. हीटरच ६३ वॅट खातात, हेही धरून चला.

प्रत्येक ट्रायोडच्या कॅथोडला स्वतंत्र १० ओहमचा रेझिस्टर द्या आणि त्यावर अर्धा व्होल्ट येईल असा बायस (ग्रिडवरचा स्थिर ऋण व्होल्ट) लावा: ५० मिलिअँपिअर, साडेसात वॅट. समांतर जोडलेले ट्रायोड कधीच जुळे नसतात. हा रेझिस्टर नसेल तर जो जास्त ओढतो तोच आणखी तापतो.

बायस गेला तर काय होतं, तेही आकड्यात पाहा. ग्रिड शून्यावर आली की एका ट्रायोडमधून अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट वाहतो. १३ वॅटच्या प्लेटवर ८० वॅट! काही सेकंदांत प्लेट लाल होते, आणि आउटपुटला कपॅसिटर नसेल तर डीसी थेट व्हॉइस कॉइलमध्ये शिरतो. बायसच्या पॉटचा (बायस कमीजास्त करायच्या फिरत्या रेझिस्टरचा) सरकता संपर्क उचलला जाणं, हे याचं नेहमीचं कारण. त्या संपर्कापासून पॉटच्या ऋण टोकापर्यंत एक रेझिस्टर टाका. मग संपर्क सुटला तरी ग्रिड जास्त ऋण होते आणि व्हॉल्व्ह नुसता बंद पडतो.