सिग्नलचा माग

श्रोतेहो, नमस्कार.

तुम्ही मला आत्ता मीडियम वेव्हच्या ट्रान्झिस्टरवर ऐकत असाल, तर एक छोटी गोष्ट करून बघा. ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवता तसाच हातात धरा आणि जागच्या जागी सावकाश एक फेरी घ्या. एका दिशेला माझा आवाज बसेल, खरखर वाढेल. अर्धी फेरी झाली की पुन्हा तसंच होईल. ट्रान्झिस्टरच्या आत काळ्या फेराइटची एक कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. त्या कांडीचं टोक ट्रान्समीटरकडे वळलं की तिला जवळजवळ काही ऐकू येत नाही. केंद्र तुमच्या जवळ असेल तर हा फरक चटकन जाणवणार नाही, कारण आवाज एकसारखा ठेवण्याची सोय रेडिओतच असते. लांबचं, क्षीण येणारं एखादं स्टेशन लावा, म्हणजे नीट कळेल.

आवाज कुठे पडतो यावरून तो कुठून येतो हे शोधायचं, आज मला याच विद्येबद्दल बोलायचं आहे. फक्त रेडिओ केंद्राऐवजी घरातला वाय-फाय राउटर, खिशातला फोन, हरवलेला लॅपटॉप, अशा वस्तूंचा माग काढायचा.

मी एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क सांभाळते. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींच्या होस्टेलमध्ये रोज रात्री इंटरनेट बंद पडायचं. सगळ्यांचं नाही, कधी या मजल्यावर पाच जणींचं, कधी त्या मजल्यावर दहा जणींचं. कारण लवकर सापडलं. कुणीतरी खोलीतल्या नेटवर्कच्या सॉकेटला स्वतःचा राउटर लावला होता, आणि वायर चुकीच्या भोकात घातल्यामुळे तो राउटर साऱ्या होस्टेलला नेटवर्कचे पत्ते, म्हणजे प्रत्येक यंत्राला लागणारे ओळखीचे क्रमांक, वाटत सुटला होता. ज्या मुलीच्या लॅपटॉपने त्याच्याकडून पत्ता घेतला, तिचं नेट गेलं. पण तो होता कुठे? सगळ्या खोल्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात ते नेटवर्कचे स्विच साधे, स्वस्तातले. कुठल्या पोर्टवर कोण जोडलंय हे सांगण्याची सोय त्यांत नव्हती. हातात एकच धागा होता: तो राउटर आपलं नाव हवेत पुकारत होता. कुठलाही राउटर ते पुकारतो, सेकंदाला साधारण दहा वेळा.

मग मी लॅपटॉप घेऊन निघाले. सोबत रेक्टर मॅडम, हातात वही.

आता त्या वहीत मी काय लिहीत होते ते सांगते. सिग्नल किती जोरात येतोय हे मोजायचं माप म्हणजे डीबीएम. एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. राउटरच्या अगदी जवळ फोन धरला तर आकडा उणे ३०च्या आसपास येतो, म्हणजे एका मिलिवॉटचा हजारावा भाग. उणे ६० म्हणजे दहा लाखावा. उणे ९० म्हणजे एक अब्जावा भाग, आणि त्याच्या जरा अलीकडेपर्यंत तुमचा फोन बिचारा धडपडत काम करत असतो. इतकं क्षीण कुजबुजणं ऐकून त्यातून फोटो, गाणी आणि आईचा व्हिडिओ कॉल उभा करणारा हा कान मला आजही थक्क करतो.

मोकळ्या मैदानात हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई होतो, म्हणजे आकडा ६ने खाली जातो. मग आकड्यावरून अंतर काढायला काय हरकत आहे? तीन ठिकाणी आकडे घ्यायचे, तीन अंतरं काढायची, नकाशावर कंपासने तीन वर्तुळं मारायची, जिथे छेदतील तिथे राउटर. शाळेतली भूमिती. मीही होस्टेलमध्ये शिरताना मनाशी असंच ठरवलं होतं.

पण घर म्हणजे मैदान नव्हे. तळमजल्यावर एका जागी उभी राहून मी लॅपटॉप छातीशी धरला आणि जिन्याकडे तोंड केलं. आकडा होता उणे ७१. तिथेच पाठ फिरवली तर उणे ७९. मी एक पाऊलही हलले नव्हते. फक्त लॅपटॉप आणि सिग्नल यांच्यामध्ये माझं शरीर आलं होतं, आणि माणसाचं शरीर म्हणजे मुख्यतः पाणी. या लहरी पाण्यात जिरतात. आता बघा, मैदानाच्या सूत्रात ६चा फरक म्हणजे अंतरात दुपटीची चूक. मी नुसती वळले तर ८चा फरक पडला. अशा सूत्रावर कंपास कसा चालवायचा?

पुढची अडचण त्याहून खोल आहे. वाय-फायची जुनी, लांब पोचणारी लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांबीची, म्हणजे साधारण अर्धी वीत. ती सरळ येते, तशीच भिंतीवर, जिन्याच्या कठड्यावर, पत्र्याच्या शेडवर आपटूनही येते. या सगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एके ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर तिथून तीन-चार बोटं सरकलं की एकमेकींना मारून टाकतात. फोन टेबलावर जरा सरकवला आणि रेंज आली, असं तुमचंही कधीतरी झालं असेल. म्हणून एका आकड्यावर कधी विसंबायचं नाही. एका जागी मिनिटभर उभं राहायचं, जरा पुढेमागे व्हायचं, आकडे लिहीत राहायचे आणि मग त्यातला मधला धरायचा.

आमचं होस्टेल इंग्रजी यू अक्षरासारखं आहे, मध्ये अंगण, दोन बाजूंना दोन विंगा. पूर्वेच्या विंगेत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आकडा चढत चढत उणे ६१वर आला. मी तिथल्या खोल्या एकेक करून बघितल्या. मुलींनी कपाटं उघडून दाखवली, गाद्या उचलून दाखवल्या. काही नव्हतं. तासभर गेला. मग मी गॅलरीच्या कठड्याशी उभी राहून पुन्हा फेरी घेतली, आणि पाठ खोल्यांकडे व तोंड अंगणाकडे असताना आकडा सगळ्यात चांगला आला. सिग्नल समोरच्या विंगेतून येत होता!

समोर गेले, तर तिथल्या पॅसेजमध्ये आकडा उणे ७४. लांबून ६१ आणि जवळ आल्यावर ७४. हे पटेना. पण शेवटच्या खोलीचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि तो एकदम ५०च्या घरात आला. खिडकीसमोर लोखंडी कपाट होतं, पाठ पॅसेजच्या भिंतीला लावलेली. वायर आत घेण्यासाठी त्याचं दार बोटभर उघडं ठेवलेलं. दार पूर्ण उघडलं तेव्हा स्क्रीनवर उणे २९ दिसलं, आणि घडी केलेल्या स्वेटरांवर राउटरचा हिरवा दिवा. लोखंडाने पॅसेजची बाजू अडवली होती, आणि त्या बोटभर फटीतून सिग्नल खिडकीबाहेर, अंगण ओलांडून थेट समोरच्या गॅलरीत जात होता.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि ती मी आजवर सोडलेली नाही. सिग्नलचा जोर अंतर सांगत नाही, तो वाटेची हकीकत सांगतो. वाटेत काय काय लागलं, कुठे फट होती, कुठे लोखंड होतं, मध्ये कोण उभं होतं, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं.

ही गोष्ट संशोधकांनी फार आधी ओळखली होती. परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या दोघांनी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात केलेलं काम २००० साली प्रसिद्ध झालं. त्यांच्या मजल्यावर पन्नासहून जास्त खोल्या, आणि ऐकायला फक्त तीन केंद्रं. त्यांनी मजल्यावर ७० जागा निवडल्या. प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून उभं राहायचं, कारण शरीराची आडकाठी त्यांनाही माहीत होती, आणि तिन्ही केंद्रांशी किती जोर लागतो ते नोंदवायचं. पुढे कुणी लॅपटॉप घेऊन आलं की त्याचे तीन आकडे या नोंदींशी ताडून बघायचे, आणि ज्या जागेच्या नोंदीशी जुळतील ती त्याची जागा. निम्म्या वेळा चूक ३ मीटरच्या आत राहिली. सूत्राने अंतर काढून बघितलं तेव्हा ती ४ मीटरच्या वर गेली, आणि नुसतं सगळ्यात जोरदार केंद्र धरलं तर ८ मीटरच्या वर.

या पद्धतीला बोटांच्या ठशांची पद्धत म्हणतात. मला मात्र रात्रीची एसटी आठवते. डोळे मिटून बसलं तरी आपल्या वाटेवर आपण कुठे आहोत हे कळतं. घाटाची वळणं लागली, इंजिनाचा सूर बदलला, मग साखर कारखान्याचा मळीचा वास आला, की पुढचा थांबा आपला. किती किलोमीटर झाले हे आपण मोजलेलं नसतं, पण जागा ओळखीची असते. फक्त त्यासाठी त्या वाटेने आधी जावं लागतं, आणि कारखाना बंद पडला की अंदाज चुकतो. ठशांचंही तसंच आहे. कपाटं हलवली, नवं पार्टिशन घातलं, की वही घेऊन पुन्हा फिरायचं. या फिरण्याला पर्याय आहे असं कुणी तुम्हाला विकायला आलं, तर जरा सबुरीने घ्या.

तुमचा फोनही हेच करतो. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटर वर आहेत, त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेतो उणे १३०च्या आसपास उरलेला असतो. स्लॅबखाली तो मिळणं कठीण. मग फोन आजूबाजूच्या राउटरांची हाक ऐकतो आणि कुठला राउटर कुठे आहे याच्या भल्यामोठ्या यादीत शोधतो. घर बदलून राउटर सोबत नेला की काही दिवस फोन जुन्याच पत्त्यावर उभा असल्याचं दाखवतो, तो यामुळे. आपला राउटर गूगलच्या यादीत नको असेल तर त्याच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि त्याला जोडून नोमॅप हा शब्द टाकायचा. ही सोय आहे, पण ती कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आता जरा अवघड विषयाकडे येते. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, आपल्याकडे आरोग्य सेतू आलं, तशीच ॲप युरोपातही आली. कल्पना अशी की दोन फोनांनी एकमेकांचं ब्लूटूथ ऐकायचं, जोर मोजायचा आणि कोण कुणाजवळ किती वेळ होतं ते टिपायचं, म्हणजे पुढे एकाला आजार निघाला तर दुसऱ्याला इशारा देता येईल. त्या वर्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी एका ट्रामच्या डब्यात माणसं बसवली, त्यांच्याकडे फोन दिले आणि खरोखर मोजून बघितलं. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या ॲपचे नियम लावले तर एकाही जोडीला इशारा मिळाला नसता, आणि निम्म्या जोड्या तर १५ मिनिटं २ मीटरच्या आत होत्या. इटलीचा नियम लावला तर जवळ असलेल्यांपैकी निम्म्यांना इशारा मिळाला असता, आणि लांब असलेल्यांपैकीही निम्म्यांना. नाणं उडवलं असतं तरी एवढंच हाती आलं असतं. ट्रामचा डबा म्हणजे धातूची पेटी. तिच्यात लहर इतक्या वेळा आपटते की लांबचा फोनही जवळचा वाटावा.

तो प्रयोग वाचला तेव्हा मला ते लोखंडी कपाट आठवलं, आणि मी फार अस्वस्थ झाले. कपाटाच्या बाबतीत माझा एक तास वाया गेला, एवढंच. इथे प्रश्न कुणाच्या आजारी वडिलांचा होता. कुठलंही यंत्र सिग्नलच्या जोरावरून 'तुम्ही जवळ होता' किंवा 'नव्हता' असं ठामपणे सांगत असेल, तर त्याने सोबत आपली शंकाही सांगितली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता जोर मोजण्याऐवजी वेळ मोजणारी पद्धतही आली आहे. लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ती ३० सेंटीमीटर जाते, तेव्हा घड्याळ फार बारीक लागतं. त्याने मीटर-दोन मीटरपर्यंत अंतर कळतं. पण दोन्ही बाजूंच्या यंत्रांत ती सोय हवी. जोर मात्र प्रत्येक फोन, प्रत्येक जुनाट लॅपटॉप मोजतो. म्हणून माझी वही अजून चालू आहे.

त्या वहीचं एक पान सांगायचं राहिलं. राउटर सापडला त्या रात्री मी त्याच खोलीत उभी राहून आमच्या स्वतःच्या, संस्थेच्या वाय-फायचा आकडा घेतला. खिडकीशी उणे ८८, पलंगाशी उणे ९१. म्हणजे तिथे नेटवर्क नव्हतंच. पॅसेजमधला आमचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय हवेत सोडणारी पेटी, दोन जाड भिंती आणि पाण्याच्या टाकीपलीकडे होता. त्या खोलीतल्या मुलीने त्यासाठी दोनदा अर्ज दिला होता, रेक्टर मॅडमनी फाइल काढून मला दाखवला. परीक्षेचे फॉर्म भरायला ती रात्री जिन्यात बसायची, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. मग आम्ही बाकीच्या खोल्यांचेही आकडे घेतले, रात्री साडेअकरापर्यंत, आणि उणे ८०च्या खालच्या सगळ्या खोल्या नकाशावर लाल पेन्सिलने रंगवल्या. सात निघाल्या. त्यांतल्या चार खोल्यांतल्या मुलींनी कधी अर्जच केला नव्हता.

पुढच्या महिन्यात त्या टोकाला नवा ॲक्सेस पॉइंट बसला. मी पुन्हा पलंगाशी उभी राहिले, मिनिटभर थांबले, पाठ फिरवूनही बघितलं. उणे ५७ आणि उणे ६३. दोन्ही आकडे लिहून घेतले आणि राउटर तिला परत दिला.

नमस्कार.