उद्यमनगरातलं जहाज

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. संध्याकाळ. अर्धं ओढलेलं शटर, आत एकच ट्यूबलाइट.)

साडेसात वाजलेत. गल्लीतली शेवटची लेथ आत्ता बंद होतेय. दिवसभराचा तो आवाज थांबला की ही गल्ली एकदम रुंद वाटायला लागते. जमिनीवर बिडाचा बुरा, हवेत कूलंटचा वास, भिंतीला लावून ठेवलेली उद्याची कास्टिंगं. हे माझ्या मोठ्या भावाचं वर्कशॉप. पंपाचे इंपेलर, म्हणजे पंपातली पाणी ढकलणारी चाकं, आणि बेअरिंगची हाउसिंगं इथं मशीन होऊन बाहेर पडतात.

पण आज आपल्याला वर जायचंय. लोखंडी जिना चढून, पत्र्याखालच्या खोलीत.

(दृश्य : वरची खोली. जुना कॉम्प्युटर, शेजारी वही. वहीत पेन्सिलनं काढलेली आकृती.)

इथं तीन रात्री एक जहाज बांधलं जातंय. बांधणारा माझा पुतण्या. वय सतरा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत खाली वडिलांच्या हाताखाली, रात्री इथं. अकरा वाजता कॉम्प्युटर बंद, हा घरातला नियम. तो पाळतो म्हणून मशीन या खोलीत आहे.

पडद्यावर जो खेळ दिसतोय त्याचं नाव कॉस्मोटीअर. वॉल्ट डेस्टलर या माणसानं कित्येक वर्षं खपून तो बनवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये विक्रीला आणला. आपण जहाज वरून बघतोय, छप्पर काढलेल्या घरासारखं. हा रिअ‍ॅक्टर. हे गोळ्यांचं कोठार. या तोफा. ही राहायची खोली, हे बोळ, ही दारं. आणि हे ठिपक्याएवढे हलणारे जीव म्हणजे खलाशी. यातलं काहीही आयतं मिळत नाही. कुठली भिंत कुठं, कुठलं दार कुठं, सगळं बांधणाऱ्यानं ठरवायचं. मग ते जहाज घेऊन दुसऱ्याच्या जहाजापुढं उभं राहायचं.

दुसरा इचलकरंजीत असतो. पुतण्याचा वर्गमित्र, घरात माग आहेत. मागच्या आठवड्यात दोघांची लढत झाली, तेव्हा मी मागं बसून शूटिंग करत होतो. भांडवल दोघांनी सारखंच ठरवून घेतलं होतं. आमच्या जहाजावर तोफा जास्त. पहिल्याच फैरीत समोरच्याचं चिलखत फाटलं. मला वाटलं, संपला विषय. आणि मग आमच्या तोफा गप्प झाल्या. एक थांबली, दुसरी थांबली. मित्राचं जहाज लहान, पण त्याचा मारा काही थांबेना. चार मिनिटांत आमचा रिअ‍ॅक्टर फुटला, जहाज मधोमध तुटलं.

पोरगं चिडेल असं मला वाटलं होतं. त्यानं जहाजाची फाईल उघडली आणि म्हणाला, “काका, तोफा का थांबल्या ते बघाय पाहिजे.”

त्या वाक्यामुळं हा व्हिडिओ करायला घेतला. जॉब बिघडला तर तो का बिघडला हे बघितल्याशिवाय पुढचा जॉब लेथच्या चकमध्ये धरायचा नाही, हे मी लहानपणापासून खाली ऐकत आलोय. वरच्या खोलीत ते पहिल्यांदा ऐकलं.

(दृश्य : काळा पडदा. हिरवट ठिपके. दोन बारीक आकृत्या एका ताऱ्याभोवती फिरताहेत.)

अवकाशातली लढाई हा कॉम्प्युटरवरच्या अगदी पहिल्या खेळांपैकी एक. १९६२ साली अमेरिकेत, एमआयटीमध्ये, स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ बसवला. यंत्र कपाटांएवढं, पडदा गोल. समोरासमोर दोघं जण. एक यान सुईसारखं, दुसरं पाचरीसारखं. मधोमध तारा, तो दोघांनाही ओढून घेतोय. इंधन मोजकं, टॉर्पेडो मोजके. टॉर्पेडोंना मात्र ताऱ्याची ओढ लागत नसे. तेवढा हिशेब करायला यंत्राची ताकद पुरत नव्हती.

यान दिलेलं असे. ते घ्यायचं आणि लढायचं. पुढं १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘एलिट’ आला. त्यात व्यापार करून पैसे मिळवायचे आणि आपल्या यानावर चांगली लेझर बसवायची. गाडीला नवा हॉर्न लावावा तेवढा तो बदल. पण खेळणाऱ्याच्या हातात पाना आला, तो असा.

पूर्ण जहाज हातात यायला बराच काळ गेला. प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाउसनं ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘स्पेस इंजिनीअर्स’ लोकांपुढं ठेवला. मोठ्या जहाजाचा ठोकळा अडीच मीटरचा, लहानाचा अर्ध्या मीटरचा. लघुग्रह खणा, खनिज वितळवा, पत्रे तयार करा, ठोकळा ठोकळा जोडत जा. आणि मग शेजाऱ्याचं जहाज तुमच्यावर चालून येतं.

पुतण्यानं सुरुवात याच खेळापासून केली होती. त्याच्या पहिल्या जहाजाची गोष्ट सांगतो. मागं सहा इंजिनं लावली, जोरदार. निघालं सुसाट. समोर लघुग्रह आला आणि याच्या लक्षात आलं, की पुढच्या बाजूला एकही इंजिन नाही.

अवकाशात हवा नाही, रस्ता नाही, टायरचं घर्षण नाही. एकदा मिळालेला वेग तसाच राहतो. थांबायचं तर उलट दिशेला तेवढाच जोर लावावा लागतो. या खेळात जहाज आपोआप थांबवणारी यंत्रणा आहे, पण थांबायच्या दिशेला जोर देणारं इंजिनच नसेल तर ती तरी काय करणार? सेकंदाला शंभर मीटर ही खेळातली वेगमर्यादा. त्याच वेगानं ते जहाज दगडावर आपटलं.

हा धडा खेळापुरता नाही. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोनं प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असताना एकमेकांना जोडले. जवळ येणं त्यातलं सोपं काम. जवळ येता येता वेग मुंगीएवढा करत आणणं, तिथं खरा कस लागतो. ती बातमी आली तेव्हा या खोलीत दोन मुलं टाळ्या वाजवत होती. काय अवघड होतं ते त्यांना नेमकं कळलं होतं.

(दृश्य : खाली वर्कशॉपमध्ये. दोन धारांवर ठेवलेला शाफ्ट, त्यावर इंपेलर हळूहळू फिरून थांबतो.)

आता हे बघा. इंपेलर शाफ्टवर चढवला, शाफ्ट दोन धारांवर ठेवला, हलकेच फिरवून सोडला. जड बाजू खाली येऊन थांबते. तिथलं थोडं बीड काढायचं, पुन्हा सोडायचं. कुठंही थांबायला लागला की बॅलन्स झाला. या गल्लीत हे दहावीच्या पोरालाही येतं.

‘स्पेस इंजिनीअर्स’ इथं सवलत देतो. इंजिन जहाजाच्या कुठल्याही कोपऱ्यात लावा, त्याचा जोर वजनाच्या मध्यावरच धरला जातो. जहाज वाकडं होत नाही. कॉस्मोटीअरमध्ये ही सवलत नाही. डाव्या बाजूला चिलखताचा एक थर वाढवला की वजनाचा मध्य तिकडं सरकतो. मग सगळी इंजिनं एकदम पूर्ण जोरात चालवली तर जहाज गरगरणार. लढाईत एका बाजूचं इंजिन उडालं, तरी तीच गत. मला विचाराल तर कॉस्मोटीअर जास्त खरा आहे. पुतण्याची ती पेन्सिलची आकृती आठवा. त्यातला फुलीचा ठिपका म्हणजे वजनाचा मध्य. चिलखत बदललं की तो खोडून पुन्हा काढतो. खाली इंपेलर बॅलन्स केलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

फिनलंडच्या फ्रोझनबाइटनं २०२१ मध्ये आणलेला ‘स्टारबेस’ तर याच्याही पुढं गेला. त्यात फ्रेमवर प्लेट बसवली की बोल्ट मारावे लागतात, वायर आणि पाइप स्वतः ओढावे लागतात. बोल्ट कमी पडले की पत्रे निखळतात. आमच्या इथल्या कुणीतरी बनवलाय असं वाटावं असा खेळ.

(दृश्य : प्रचंड जहाजांचा ताफा. हालचाल अतिशय संथ.)

आणि हरण्याची किंमत? ती बघायची तर आइसलंडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’कडं वळावं लागेल. २००३ पासून चालू आहे. त्यात जहाजाचा आकार ठरवता येत नाही, पण आतली यंत्रसामग्री निवडता येते, आणि जहाजं तयार होतात ती खेळाडूंनी खणलेल्या खनिजातून, त्यांच्याच कारखान्यांत. सगळ्यात मोठ्या जहाजांना टायटन म्हणतात. एकेक बांधायला अनेक लोकांचे महिने जातात. जानेवारी २०१४ मध्ये एका गटाचं आपल्या ताब्यातल्या एका ग्रहमालेचं ठरलेलं देणं भरायचं राहून गेलं. ताबा सुटला, विरोधक धावले, सुमारे एकवीस तास लढाई चालली. सात हजारांवर खेळाडू, ७५ टायटन नष्ट. पैशांत हिशेब केला तर नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात. सर्व्हरवर एवढा ताण की खेळानं स्वतःच वेळ मंद केला. एका सेकंदाचं काम दहा सेकंदांत. भाडं थकल्यावर काय होतं ते गाळा भाड्यानं घेतलेल्या माणसाला सांगायला नको.

(दृश्य : पुन्हा वरची खोली. जिन्यावर पावलांचा आवाज.)

आता आमच्या थांबलेल्या तोफांकडं येऊ.

दोन रात्री पुतण्या कारण शोधत होता. तोफा बदलून झाल्या, खलाशी वाढवून झाले. तिसऱ्या दिवशी दादा चहाचा कप घेऊन वर आला. हा खेळ त्यानं कधी धड बघितला नव्हता. उभ्या उभ्या बघत राहिला.

“ही बारकी माणसं कुठं चालल्यात?”

“तोफेला गोळे आणाय, पप्पा.”

“कोठार कुठाय?”

“हे काय.”

“आरं, मग ते तोफेच्या मागंच हाय की. एवढा वळसा कशाला घालायल्यात?”

पुतण्यानं पडद्याकडं बघितलं. कोठार आणि तोफांची रांग, मध्ये एकच भिंत. दार नव्हतंच. तोफेत भरून ठेवलेले गोळे पहिल्या फैरीला पुरायचे. नंतर प्रत्येक गोळ्यासाठी खलाशी मागच्या बोळातून, राहायच्या खोल्यांना वळसा घालून जात होता आणि तसाच परत येत होता.

दादा म्हणाला, “गेल्या वर्षी ड्रिल मशीन म्होरनं आत का आणलं? जॉब घेऊन माणूस दिवसभर हेलपाटं घालत हुता म्हणून. दार पाड तितं.”

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. उद्यमनगर उभं राहिलंय ते अशाच हिशेबावर. एका गल्लीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, होतो, ओतकाम जवळच्या फाउंड्रीत, टर्निंग तिसरीकडं, आणि मधली हातगाडी किती फेऱ्या मारते यावर त्या जॉबचा नफा ठरतो. कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, हे आपण अभिमानानं सांगतो. घडवायची ती खोड या वरच्या खोलीतही आहे, फक्त ती पडद्यावर आहे म्हणून आपल्या नजरेत भरत नाही.

(दृश्य : फाउंड्रीची भिंत. खिळ्यांना टांगलेले लाकडी पॅटर्न.)

एक काळजी मात्र आहे, ती बोलून टाकतो. हा सागवानी पॅटर्न आमच्या वडिलांच्या काळातला, उसाच्या चरकाच्या रोलरचा. आजही वाळूत दाबला तर माल निघेल. इंग्लंडच्या पोर्ट्समथमधल्या फ्रीजॅम कंपनीचा ‘रोबोक्राफ्ट’ असाच ठोकळे जोडून यंत्र बांधायचा आणि ऑनलाइन लढायचा खेळ होता. २०२५ च्या जानेवारीत कंपनी बंद पडली, पाठोपाठ खेळाचे सर्व्हरही. लोकांनी वर्षानुवर्षं बांधलेली यंत्रं त्या सर्व्हरवरच होती. म्हणून नवा खेळ घेताना मी पोरांना आधी एवढंच बघायला सांगतो : बांधलेल्या जहाजाची फाईल आपल्या मशीनवर राहते का, आणि सर्व्हर आपला आपण चालवता येतो का. ‘स्पेस इंजिनीअर्स’मध्ये दोन्ही जमतं. पुतण्याचं ते दगडावर आपटलेलं पहिलं जहाज अजून या हार्ड डिस्कवर आहे.

(दृश्य : रात्र. हेडफोन लावलेला पुतण्या. पडद्यावर दोन जहाजं.)

शनिवारची रात्र. इचलकरंजीचा मित्र समोर. भिंतीत आता दार आहे.

पहिली फैर. दुसरी. खलाशी दारातून आत जातात, गोळा घेतात, चार पावलांत परत. तोफा चालू आहेत. पाच मिनिटं. सात मिनिटं. “भावा, आज थांबंनात की रं तुझ्या तोफा,” हेडफोनमधून मित्राचा आवाज. अकराव्या मिनिटाला आमच्या उजव्या बाजूची दोन्ही इंजिनं एकाच माऱ्यात गेली. जहाज कलतं झालं, आणि पाठ उघडी पडली.

हरलो. पण यावेळी अकरा मिनिटं टिकलो.

दादा सगळा वेळ मागं स्टुलावर बसला होता. त्यानं खिशातून मार्किंगचा खडू काढला, खाली वाकला आणि फरशीवर जहाजाची बाह्यरेषा ओढली. मग उजव्या बाजूला दोन चौकोन काढले, एकमेकांना चिकटून, आणि वर बघितलं.

“दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी का लावलीस?”

पुतण्यानं हेडफोन काढला आणि त्याच्याजवळ फरशीवर जाऊन बसला.